किल्लीदान

घर घेण्यासाठी पैसे लागतात, हा समाजात खोलवर रुजलेला गैरसमज आहे. घर घेण्यासाठी आधी शिक्षण लागतं. पैसे असून शिक्षण नसलेली माणसं घर घेतात आणि फसतात. शिक्षण असून पैसे नसलेली माणसं घर घेतच नाहीत, त्यामुळे ती आयुष्यात कधी फसत नाहीत. या दुसऱ्या वर्गातल्या सुजाण माणसांची संख्या वाढावी, या हेतूने आमची गृहखरेदी प्रबोधन संस्था गेली अनेक वर्षं अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना विनामूल्य शिक्षण देत आहे. मी तिचा मानद कार्यवाह. (मानद म्हणजे पगार मिळत नाही, मानधन मिळतं.)

'घर पाहावं बांधून' अशी आपली जुनी म्हण आहे. ती झाली तेव्हा विटा स्वस्त असाव्यात. संस्थेने तिच्यातला 'घर पाहावं' एवढाच भाग अभ्यासक्रमाला लावला आहे.

आमचं कार्यालय एका बंद पडलेल्या गाद्यांच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. जिना चढताना अजूनही नाकात कापूस जातो. एक लांबलचक खोली, भिंतीला टेकवलेल्या घडीच्या खुर्च्या, एक फळा आणि खिडकीपाशी काचेच्या पेटीत पुठ्ठ्याचं घर. या घराला लाल छप्पर आहे, हिरवी बाग आहे आणि फाटकाशी एक कुत्रा आहे. (कुत्र्याचं शेपूट कुणाच्या तरी पोराने नेलं. बाकी मालमत्ता शाबूत आहे.) कार्यालयाची जागा भाड्याची. मालक दरवर्षी भाडं वाढवतो, संस्था दरवर्षी तीव्र निषेध नोंदवते आणि वेळच्या वेळी भाडं भरते.

कार्यकारिणीतल्या एकानेही आजवर घर विकत घेतलेलं नाही, हे मी अभिमानाने सांगतो. अध्यक्षांना ते वडिलांकडून मिळालं, खजिनदारांना सासऱ्यांकडून, आणि मला एका निपुत्रिक मावशीकडून, जिचं मी शेवटपर्यंत सगळं केलं. (शेवट अनपेक्षितपणे लवकर आला.) त्यामुळे स्वतःच्या कटू अनुभवांची सावली आमच्या शिकवण्यावर पडत नाही. प्रत्यक्ष वर्ग घेतात त्या मॅडम. त्या तीन मैत्रिणींबरोबर एका खोलीत भाड्याने राहतात आणि विषय फार तळमळीने शिकवतात. इतक्या तळमळीने, की कधीकधी खजिनदारांना त्यांची काळजी वाटते.

अभ्यासक्रम शास्त्रशुद्ध आहे. पहिल्या धड्यात प्रत्येक कुटुंबाने घरात काय काय हवं ते कागदावर लिहायचं. दुसऱ्या धड्यात त्यातलं नको ते खोडायचं. तिसऱ्यात हवं ते खोडायचं. चौथ्यापर्यंत बहुतेकांच्या कागदावर फक्त 'छप्पर' उरतं, काही हट्टी लोकांच्या 'खिडकी'. पुढे बचतीचा धडा येतो, ज्यात दुसरा चहा, सिनेमा आणि पाहुणे यांचे दुष्परिणाम सांगितले जातात. मग बँकेत साहेबासमोर कसं बसावं याचा. (जरा पुढे झुकून, पण लाचार दिसणार नाही इतपतच.) मागच्या अहवालानुसार उत्तीर्णांचं प्रमाण सत्त्याण्णव टक्के आणि समाधानी विद्यार्थ्यांचं एक्क्याण्णव टक्के होतं. (उरलेल्या नऊ टक्क्यांच्या टेबलावरचं पेन चालत नव्हतं.) पूर्वी अहवालात 'प्रत्यक्ष घर घेतलेले' असाही एक रकाना असे. तो कायम रिकामा राहिल्याने पान उघडंबोडकं दिसतं, असं छपाईवाल्याने सुचवल्यावरून काढून टाकला.

अडचण एकच होती, प्रात्यक्षिकाची. पुठ्ठ्याच्या घरात नाक घालून ओल ओळखता येत नाही. नळाला धार किती, फरशी कुठे पोकळ वाजते, शेजारच्याची शिंक भिंतीतून किती ऐकू येते, हे सगळं खऱ्या घरातच शिकावं लागतं. आता शहरात एकीकडे घर नसलेली माणसं आहेत आणि दुसरीकडे माणसं नसलेली घरं आहेत, आणि दोन्हींचा तुटवडा नाही. एखाद्या सामान्य बुद्धीच्या माणसाला यावर एक सोपा उपाय सुचला असता. सुदैवाने आमच्या कार्यकारिणीत तसा कुणी नाही. आम्ही किल्लीदान योजना सुरू केली.

योजना अशी: ज्या सद्‌गृहस्थांनी दुसरं, तिसरं किंवा पुढचं घर गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावून ठेवलं आहे, त्यांनी त्याची किल्ली संस्थेला अभ्यासासाठी द्यायची. सुटीच्या दिवशी आमची कुटुंबं तिथे जातात, खिडक्या उघडतात, नळ सोडतात, भिंती हुंगतात, आणि संध्याकाळी किल्ली परत आणून देतात. नेत्रदानात डोळे जातात, रक्तदानात रक्त जातं. किल्लीदानात दात्याचं काहीच जात नाही, म्हणून ते सर्वश्रेष्ठ. उलट घराला हवा लागते, झुरळं बिचकून राहतात, आणि दात्याला कराच्या कामी उपयोगी पडेल असा दाखला मिळतो. घर जसं असेल तसंच ठेवून निघायचं, हा नियम आहे. (झाडलेली धूळ पुन्हा पसरायची का, या प्रश्नावर उपसमिती नेमली आहे.)

याच योजनेत आम्हाला आमचं सर्वांत हुशार कुटुंब लाभलं. वडील बसचे कंडक्टर. आई एका पाळणाघरात लोकांची मुलं सांभाळणारी. कंडक्टरची म्हातारी आई आणि 'चिमणी' म्हणून हाक मारतात ती शाळकरी मुलगी, अशी चार माणसं. ते राहत होते सायकल दुरुस्तीच्या दुकानामागच्या एका खोलीत. मधली भिंत पाडून दुकान वाढवायचं मालकाने ठरवलं होतं आणि पावसाळ्यापर्यंत खोली सोडा म्हणून सांगितलं होतं. इतर विद्यार्थी ज्ञानासाठी येत. ही माणसं घर हवं म्हणून येत. असा हिशेबी दृष्टिकोन आम्हाला फारसा रुचत नाही, पण गुण पैकीच्या पैकी पडत होते.

पहिल्या दिवशी ओळख करून देताना कंडक्टर म्हणाला होता, "साहेब, भाड्याच्या घराचं कसं असतं, उभ्याने प्रवास केला तरी तिकीट पूर्णच फाडावं लागतं. आता आईला तरी बसायला जागा मिळावी."

मॅडमनी हे वाक्य फळ्यावर लिहिलं. खजिनदारांनी ते देणगीच्या पत्रकावर छापलं.

प्रात्यक्षिकासाठी त्यांच्या वाट्याला तिसऱ्या मजल्यावरचं एक घर आलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. दात्यांची घरं बरीच होती, त्यातलं हे सर्वांत दुर्लक्षित. दलालाने ते कितीतरी काळ विकायला काढून ठेवलं होतं, पण दार उघडताच असा कुबट वास येई, की गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून जिन्यातूनच परत फिरे. किंमत उतरत उतरत अशा पायरीवर आली होती, की ती मोठ्याने सांगायची दलालालाच लाज वाटे.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. चूक मॅडमची. त्यांनी वर्गात सांगितलं, की घर एकदा बघून घेऊ नये. सकाळचं घर वेगळं, दुपारचं वेगळं आणि रात्रीचं तर फारच वेगळं. पाऊस पडताना बघावं, पाहुणा आल्यावर बघावं, घरात माणूस आजारी असताना बघावं. बाकीच्यांनी हे वहीत उतरवून घेतलं आणि शहाण्या विद्यार्थ्यांप्रमाणे तिथेच सोडून दिलं. कंडक्टरच्या कुटुंबाने त्याप्रमाणे केलं.

पावसाळा लागला, सायकलवाल्याची भिंत पडली, आणि हे चौघं गाद्या, डबे आणि म्हातारीची वेताची खुर्ची घेऊन रात्रीच्या निरीक्षणाला गेले. निरीक्षण रात्रीचं, म्हणून मॅडमनी किल्लीही त्यांच्याकडेच राहू दिली. त्यांचे अहवाल संस्थेत नियमाने येत होते. 'वरच्या मजल्यावर निजानीज झाल्यावर कुणीतरी खुर्ची ओढतं.' 'पूर्वेच्या भिंतीला बाहेरून भेग आहे, बुजवली.' 'आजींना ताप आला. मोरीपर्यंत जाताना उंबरा लागतो, रात्री दिवा ठेवावा.' 'स्वयंपाकघराची खिडकी अडकते.' मॅडम प्रत्येकावर शाबासकी लिहीत होत्या. पावसाळा संपला तरी निरीक्षण संपलं नाही, याची शंका कुणालाही आली नाही. इतका सखोल अभ्यास आम्ही आधी पाहिला नव्हता, एवढंच.

प्रकार उघडकीला आला तो अध्यक्षांमुळे. ते एकदा घराचे मालक, म्हणजे आमचे किल्लीदाते, यांना प्रात्यक्षिक दाखवायला घेऊन गेले. मी बरोबर होतो. दार चिमणीने उघडलं. तिने आमच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, "चपला बाहेर काढा. आत्ताच पुसलंय."

अध्यक्षांनी बूट काढले. दात्यांनीही काढले. आयुष्यात आपल्या मालमत्तेत ते पहिल्यांदाच अनवाणी शिरत होते.

आत उजेड होता. गॅलरीत धुतलेला कंडक्टरचा खाकी शर्ट वाऱ्याने फुगला होता. म्हातारी खिडकीपाशी खुर्चीत बसून लसूण सोलत होती. तिने आम्हाला बसा म्हटलं, आणि आम्ही बसलो. कुबट वासाचा मागमूस नव्हता. दाते इकडे तिकडे बघत राहिले, भिंतीवरून हात फिरवला आणि मला हळूच म्हणाले, "छान आहे हो. कुणाचं घर हे?"

मी म्हणालो, "आपलंच."

"माझं? नाही, नाही," ते म्हणाले. "माझं तळमजल्यावर आहे बहुतेक."

त्यांनी दलालाला फोन लावला. दलालाने घर त्यांचंच असल्याची खात्री दिल्यावर ते जरा गोंधळले, मग प्रसन्न झाले. संस्थेच्या 'घराची ओळख' या विषयात शंभर गुणांची तोंडी परीक्षा असते. दात्यांना मजलासुद्धा सांगता आला नाही. चिमणीला घरातली कुठली फरशी पोकळ वाजते हे नाचून दाखवता येत होतं. पण परीक्षा फक्त अल्प उत्पन्न गटासाठी असल्यामुळे दाते नापास झाले नाहीत.

कंडक्टर तोवर कामावरून आला. घाबरला नाही. त्याने मॅडमनी शिकवल्याप्रमाणे जरा पुढे झुकून, पण लाचार दिसणार नाही इतपत बसून, दात्यांना सांगितलं की हे घर त्याला विकत हवं आहे. दलाल इतके दिवस जी किंमत सांगत होता, त्याच किमतीला. बँक तेवढं कर्ज द्यायला तयार आहे, मॅडमनी स्वतः बरोबर जाऊन विचारलं आहे. सुरुवातीला भरायची रक्कम चौघांनी मिळून साठवली आहे. दुसरा चहा सोडला, सिनेमा सोडला, पाहुण्यांना सोडवेना पण त्यांनीच यायचं सोडलं.

थोडक्यात, अभ्यासक्रम यशस्वी झाला होता. संस्थेच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं आणि त्यासाठी आमच्याकडे कुठलीच कार्यपद्धती नव्हती.

दाते म्हणाले, विचार करून सांगतो. आम्ही तातडीची सभा बोलावली.

सभेत सर्वांगीण चर्चा झाली. अध्यक्षांनी मुद्दा मांडला, की घर हे संस्थेचं अभ्यास-साहित्य आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतला बेडूक विद्यार्थी घरी नेत नाहीत. खजिनदार म्हणाले, आपल्याला अनुदान मिळतं ते बेघर कुटुंबांच्या संख्येवर. एक कुटुंब घर घेऊन बसलं तर तेवढा आकडा कमी होणार, आणि त्याचं पाहून आणखी चार घेऊ लागले तर संस्थेने काय करायचं? शिवाय एक किल्ली हातची जाणार ती वेगळीच. पाय ठेवायला जागा दिली तर ही माणसं पथारी पसरतात, असंही ते म्हणाले, आणि पुढे म्हणाले, "हे तर खाल्ल्या घरचे वासे मोजणं झालं."

"वासे मोजायला आपणच शिकवलं," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या महिन्यातच."

हे वाक्य इतिवृत्तात घेतलं नाही, कारण ते कार्यक्रमपत्रिकेवर नव्हतं. ठराव सर्वानुमते झाला. (मॅडमना मत नाही.) ठरावात म्हटलं, की विद्यार्थ्याने अभ्यासाचं घर खरेदी करणं हे शिक्षणाच्या पावित्र्याला बाधक आहे. सबब दात्यांनी अशा दडपणाला बळी पडू नये.

दाते बळी पडले नाहीत. दरम्यान दलाल घर पुन्हा पाहून आला होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आता ते 'राहतं घर वाटत' होतं, आणि राहत्या वाटणाऱ्या घराची किंमत निराळी असते. भेग बुजलेली, वास गेलेला, गॅलरीत दोन कुंड्या. नवी किंमत कंडक्टरच्या कर्जाच्या आवाक्याबाहेर गेली. कुटुंबाने इतक्या मेहनतीने घर सुधारलं, की ते त्यांनाच परवडेना. याहून चांगला निकाल कुठल्या अभ्यासक्रमाने दिला असेल असं मला वाटत नाही.

आम्ही कृतघ्न नाही. वार्षिक समारंभात त्या चौघांना उत्कृष्ट विद्यार्थी-कुटुंब म्हणून गौरवण्यात आलं. एक प्रशस्तिपत्र आणि हातभर लांबीची पितळी किल्ली. (ती कुठल्याच कुलपाला लागणार नाही, याची आधी खात्री करून घेतली होती.) कंडक्टरने ती दोन्ही हातांनी घेतली, मला विचारलं, "सुट्टे नाहीत का, साहेब?" आणि खाली उतरला. सभागृहात चांगलाच हशा झाला. तो हसला नव्हता, हे मी जवळ असल्यामुळे मला दिसलं.

घर ताब्यात घ्यायला मीच गेलो. गाद्या आणि डबे खाली हातगाडीवर गेले होते. म्हातारी खुर्चीसकट जिन्यात बसली होती. चिमणीच्या आईने मला किल्ली दिली, आणि ती मला घरभर घेऊन फिरली, जणू घर मीच घेतलंय.

"नवीन माणसं येतील त्यांना सांगा," ती म्हणाली. "स्वयंपाकघराची खिडकी आधी वर उचलायची, मग ढकलायची. नुसती ढकलली तर काच जाईल. आणि मोरीपाशी रात्री दिवा राहू द्या."

आतल्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. चिमणीची उंची. पहिली रेघ रात्रीच्या निरीक्षणाच्या सुरुवातीची असावी, शेवटची परवाची. पोरगी विचारत होती, की ह्या नेता येतील का. आईने परकराची जुनी नाडी घेतली, जमिनीपासून चौकटीला लावली, आणि जिथे जिथे रेघ होती तिथे तिथे नाडीला गाठ मारली. मग ती नाडी गुंडाळून चिमणीच्या दप्तरात ठेवली. मला फार वाईट वाटलं. कार्यवाहाला वाईट वाटण्याची तरतूद घटनेत नसल्यामुळे पुढे काही करता आलं नाही.

सध्या ते पाळणाघरात राहतात. संध्याकाळी लोकांची मुलं घरी गेली, की पाळणे बाजूला सरकवून गाद्या पसरतात आणि सकाळी पहिलं मूल यायच्या आत उचलतात. संस्थेने त्यांना वरच्या वर्गात प्रवेश दिला आहे.

घर लगेच विकलं गेलं. कुणी घेतलं असं आपण विचाराल, तर तिसऱ्या मजल्यावरचं ते घर आपणच घेतलं आहे, आणि त्याबद्दल आपलं हार्दिक अभिनंदन करण्यासाठीच ही हकिकत लिहिण्याचा प्रपंच. आपण म्हणाल, मी नव्हे, माझं तळमजल्यावर आहे बहुतेक. सगळेच दाते असं म्हणतात. एकदा दलालाला फोन करून पाहावा.

आपण तिथे राहणार नसून भाव वाढेपर्यंत ते कुलूप लावून ठेवणार आहात, असं कळलं. दुसऱ्या घराचं असंच असतं. आपण सुज्ञपणे किल्लीदानही केलं आहे, दाखला सोबत पाठवत आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीचं वर लिहिलंच आहे. आपण ती अजून उघडलेली नसणार. दाराच्या चौकटीला आपण नवा रंग दिल्याचं समजलं, छान केलं. रेघा पुन्हा मारायच्या झाल्या तर नाडी आहे.

नवी तुकडी येत्या सुटीपासून आपल्या घरी प्रात्यक्षिकाला येईल. वरच्या वर्गातलं कुटुंब म्हणून त्यात कंडक्टरची माणसं असतील. घर पहिल्यांदाच बघतोय असं वागा, अशी त्यांना सूचना दिली आहे, आणि म्हातारीला खिडकीपाशी बसायची परवानगी आहे. त्या दिवशी आपण सहज चक्कर मारणार असाल, तर अवश्य यावं. चिमणी दार उघडेल.

चपला मात्र बाहेर काढाव्यात.